अकरा महिन्यांची माणसं

मे महिना अर्धा सरला की करावे गावातल्या गल्ल्यांमधून गाद्या चालायला लागतात. गाद्या, कूलर, प्लास्टिकच्या बादल्या, सुतळीने बांधलेली पुस्तकं, एखादा आरसा. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा असतो, कारण आत वळायला जागा नसते, आणि जाणारी मुलं आपलं सामान डोक्यावर, काखेत, पोटाशी धरून बाहेर काढत असतात. त्याच गल्लीतून येणारी मुलं तसंच सामान घेऊन आत शिरत असतात. एकमेकांना वाट द्यायची, एवढाच त्यांचा संबंध. निकाल लागलेले असतात, नोकऱ्या लागलेल्या किंवा सुटलेल्या असतात आणि अकरा महिन्यांचे करार संपलेले असतात. बाकीच्या मुलखात आंब्याचा मोसम असतो तेव्हा आमच्याकडे खोल्या बदलण्याचा असतो.

आमच्याकडे म्हणायची मला सवय लागली आहे. खरं तर मी लातूरकडची, आणि आता करावेतही राहत नाही. नेरूळला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते, ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. पण रविवार उजाडला की पाय आपोआप हिराकाकींच्या ओटीकडे वळतात. काकी माझ्या जुन्या घरमालकीण. त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं होती, मिठागरात हिस्सा होता. शहर आलं तशी खाचरं गेली, गावठाणातलं घर मात्र राहिलं आणि त्यावर एकेक मजला चढत गेला. आधी आमचे लोक भात पिकवायचे, आता भाडेकरू पिकवतात, असं काकींचा मुलगा हरेश म्हणतो. काकींना हे बोलणं आवडत नाही, पण त्यालाही हसू येतं आणि त्यांनाही.

यंदाही मी ओटीवर बसून नव्या मुलींच्या कराराचा फॉर्म मोबाईलवर भरत होते. एक धुळ्याची, एक चिपळूणची. चार दिवसांपूर्वीपर्यंत दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या आणि आता एका खोलीत झोपणार होत्या. खिडकीजवळचा पलंग कोणाचा यावरून त्यांची दबक्या आवाजात बोलणी चालली होती. काकी गुडघ्याला तेल चोळत ऐकत होत्या. मला एकदम तीन वर्षांपूर्वीचा मे आठवला. तो मी करावेत काढला नव्हता आणि नेरुळातही नाही. तो काकींबरोबर, पाठीवर पिशवी टाकून, व्हिएन्ना, प्राग आणि गेंट या शहरांत काढला. आणि ज्या माणसासाठी काढला ती शलाका.

शलाका आणि मी पावणेतीन वर्षं काकींच्या एका खोलीत राहिलो. तीन करार. पहिल्या मजल्यावरची, खाडीकडे खिडकी असलेली खोली. दोन लोखंडी पलंग आणि दोघींत मिळून एक कपाट. ती परभणीकडची, बौद्ध. तिची बुद्धाची लहानशी मूर्ती कपाटावर डावीकडे, माझी भवानीची तसबीर उजवीकडे, आणि मध्ये खोबरेल तेलाची बाटली. थंडीत तेल गोठलं की ती बाटली पोटाशी धरून बसायची आणि म्हणायची, देवांच्या मधली जागा मिळूनही हिला काही ऊब मिळाली नाही. असं काहीबाही बोलायची. मी तेव्हा फार हसायचे. इतकं हसणं मला नंतर कधी जमलं नाही, आणि हे मी वयाच्या नावावर खपवते.

आम्ही दोघी मराठवाड्याच्या, मासे खायची सवय नसलेल्या. शलाका महिन्याभरात काट्यांशी मैत्री करून बसली. मी अजूनही जवळ्यापुरतीच, त्याला काटे नसतात म्हणून. काकी तिला ताटात वाढताना जास्त वाढायच्या. ती बोटं चाटून खायची आणि काकी तिच्याकडे बघत राहायच्या.

त्या खोलीच्या भिंतीवर शाळेच्या जुन्या नकाशातून कापलेला युरोप होता. तो तिने रद्दीतून आणला होता. तिथे जायचं हे ठरलेलंच होतं, कधी ते फक्त ठरायचं होतं. चाकांच्या बॅगा ओढत जायचं नाही, असा तिचा दंडक. बॅगा ओढत लग्नाला जातात, फिरायला जाणाऱ्याने सामान पाठीवर घ्यावं. जेवढं पाठीला झेपेल तेवढंच आपलं. व्हिएन्ना तिला संगीतासाठी बघायचं होतं, प्राग पुलांसाठी, आणि गेंट हे नाव तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ते औषधाचं नाव वाटलं होतं. तिच्या विषयातलं संशोधन तिथे चालायचं. झाडांच्या बियांवरचं काहीतरी. रविवारी केस धुऊन आम्ही खिडकीत वाळवत बसायचो आणि त्या कागदावर बोट फिरवत गावं पार करायचो.

आणि मग हरेश. तेव्हा तो पंचविशीचा, मितभाषी, पाण्याची टाकी भरली का बघायला गच्चीवर जाणारा मुलगा. टाकी हल्ली फार वेळा बघावी लागते हे माझ्या लक्षात आलं, तोवर शलाकाही अभ्यासाला गच्चीवर जायला लागली होती. तिने मला काही सांगितलं नाही. जी मुलगी तेलाच्या बाटलीबद्दलही सांगत बसायची, तिने हे सांगितलं नाही.

मी काकींना सांगितलं. मे महिनाच होता. ओटीवर सुपात जवळा घेऊन आम्ही त्यातले खडे-कचरा निवडत होतो. सहज बोलण्यात निघालं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. सहज नव्हतं. हरेश मला हवा होता असंही नाही. शलाका हातची जाईल याची मला भीती वाटली होती. काकी हरेशचा कान पिळतील, प्रकरण थंड होईल आणि आमचे रविवार पुन्हा आधीसारखे होतील, अशी माझी समजूत. बावीस वर्षांची घोडी होते आणि अक्कल चार वर्षांची.

काकी ओरडल्या नाहीत. सूप पाखडून आत गेल्या. शलाका त्यांना पोटच्या पोरीसारखी होती, पण पोटच्या पोरीसारखी असणं वेगळं आणि सून होणं वेगळं. आगऱ्याच्या घरात बौद्धाची मुलगी सून म्हणून, हे त्या वेळच्या काकींच्या गळी उतरणारं नव्हतं. हे त्या स्वतःच आता सांगतात, मान खाली घालून सांगतात. आमचा तिसरा करार त्या महिन्यात संपत होता. काकींनी शलाकाला सांगितलं की माहेरचे पाहुणे राहायला येणार आहेत, खोली लागेल. मला वरच्या मजल्यावरची लहान खोली दिली. तिला दिली नाही.

काकींच्या घराचा एक रिवाज आहे, आजही आहे. खोली सोडून जाणारा भाडेकरू जेवल्याशिवाय जायचा नाही. सामान टेम्पोत चढलं तरी चालेल, टेम्पोवाला शिव्या देत का असेना, माणूस ओटीवर बसून तांदळाची भाकरी आणि कालवण खाऊनच उठणार. शाकाहारी असेल तर वालाचं बिरडं. भांडून जाणाऱ्यांनाही हे चुकलेलं नाही. एकदा एकाने दाराची कडी मोडून ठेवली होती, काकी त्याला वाढताना बोल लावत होत्या आणि तो खाली मान घालून तिसरी भाकरी मागत होता.

शलाका गेली त्या दिवशी काकी पहाटेच उरणला बहिणीकडे निघून गेल्या. चूल थंड. गादीचं एक टोक शलाकाने धरलं, दुसरं मी, आणि आम्ही ती गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. टेम्पो गेला. मी वर येऊन रिकाम्या पलंगावर बसले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं आहे.

ती आधी बंगळुरूला गेली, तिथून शिकायला बेल्जियमला, आणि गेंटचीच झाली. हरेशचं दोन वर्षांनी लग्न झालं. त्याचा संसार चांगला आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर त्याच्या बायकोवर अन्याय होईल. शलाका दर दिवाळीला काकींना फोन करायची. माझ्या वाढदिवसाला मला संदेश पाठवायची, मी तिच्या. फोनवर ती दरवेळी म्हणायची, काकी, या ना एकदा. परदेशी गेलेली सगळी पोरं असं म्हणतात. कोणी मनावर घेत नाही.

काकींनी घेतलं. चार वर्षांपूर्वी काका गेले. त्यानंतरच्या एका रविवारी त्या ओटीवर भाजी निवडत असताना म्हणाल्या, “सुनीता, मना त्या पोरीकडं न्हेशील का?” कोणत्या पोरीकडे हे विचारायची गरज नव्हती. “माज्या दारातना इतकी मानसा गेली, ती एकटीच उपाशी गेली गो.”

म्हणून आम्ही निघालो. त्या त्यांचं ओझं घेऊन, मी माझं. माझं त्यांना माहीतच होतं, त्यांनाच तर मी सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांत त्याबद्दल आम्ही एकदाही बोललो नव्हतो. मी मनाशी ठरवलं होतं की गेंटला पोचल्यावर शलाकाला सांगायचं. तोंडावर सांगायचं. त्याखेरीज मला ती परत मिळणार नव्हती.

व्हिसाची कागदपत्रं हरेशने केली. आई कुठे आणि कोणाकडे चालली आहे हे त्याला ठाऊक होतं. विमानतळावर त्याने काकींच्या पिशवीची चेन दोनदा ओढून बघितली, औषधांची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि बायकोला म्हणाला, चल, पार्किंगचा वेळ होईल. निरोप वगैरे काही दिला नाही.

पाठीवरची पिशवी ही माझी अट होती. काकींनी ती लगेच मान्य केली, फक्त पाठीवर ही गोष्ट त्यांना पटेना. साडीवर हरेशचं जाड जाकीट, पायात नातवाचे बूट, आणि खांद्यावरच्या पट्ट्यात अडकून पदर सारखा ओढला जायचा. व्हिएन्नाच्या स्टेशनपासून प्रसादच्या घरापर्यंत त्या कुरकुरत चालल्या. प्रसाद म्हणजे काकींच्या दुसऱ्या मजल्यावरचा जुना भाडेकरू, ज्याला कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही काकींनीच शिकवलं. आता त्याला टक्कल पडलं आहे. काकींनी दारातच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मी इथे असते तर तेल लावलं असतं.

प्रसादची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. सत्तरीची, ताठ पाठीची बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर काकी तिच्याबरोबर जिन्यात उभ्या. दोघींत एक शब्द सामाईक नव्हता. काकी भिंतीवरची ओल दाखवत होत्या, ती बाई वर बोट करून नळाचा पाइप दाखवत होती. काकींनी नकारार्थी मान हलवली, बाहेर जाऊन गच्चीकडून उतरणारं पन्हाळ दाखवलं. ती बाई खाली वाकून बघायला लागली. तासाभराने दोघी तिच्या स्वयंपाकघरात केक खात बसल्या होत्या. घरमालकीण कुठलीही असो, दुखणं तेच, असं काकींनी मला नंतर सांगितलं, भाडेकरू आणि ओल सांगून येत नाहीत.

तिथे मे महिन्यात थंडी होती. घामोळं नाही, पंखा नाही, आणि रस्त्याच्या कडेच्या मोठ्या झाडांवर पांढऱ्या फुलांचे उभे तुरे. अशा मेची मला सवय नव्हती. बागेत कोणीतरी वाजवत होतं, काकी बाकावर बसून ऐकता ऐकता डुलकी काढत होत्या, आणि मी मनातल्या मनात शलाकाला हे सगळं सांगत होते. सांगताना ती कुठे हसेल हेही मला माहीत होतं. ज्या फिरण्याचा आराखडा आम्ही दोघींनी केला, ते मी तिसरीबरोबर फिरत होते आणि शलाकापर्यंत पोचायला फिरत होते. याचं मला सुखही होत होतं आणि रडूही येत होतं.

प्रागला काकींनी बंड केलं. तिथले रस्ते दगडांचे, चढाचे, आणि वसतिगृह टेकडीवर. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या, गळ्यातला रुमाल सोडून त्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि पिशवी त्यावर चढवली. मग पाठ सरळ झाली, हात मोकळे झाले आणि बाई अशी चालायला लागली की मला धापा टाकत मागे पळावं लागलं. मुलगी असताना त्यांनी मिठागरातून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पुलावर लोक त्यांचे फोटो काढत होते. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. मधेच मला म्हणाल्या, ती पोरगी असती तर मला हसली नसती, तिलाही येत होतं डोक्यावर न्यायला. शलाकाच्या आईने बांधकामांवर पाट्या वाहिल्या होत्या, हे मला आठवलं. ते मला शलाकाने सांगितलं होतं, काकींनाही सांगितलेलं असणार. मला वाटत होतं तेवढं फक्त माझं काही नव्हतं.

त्या वसतिगृहात आठ जणींच्या खोलीत वरच्या बर्थवर मी आणि खालच्यावर काकी. शेजारच्या कोरियन मुलीने त्यांना कानात घालायचे बोळे दिले, घोरणाऱ्यांपासून बचाव म्हणून. काकींनी ते मला दिले, कारण घोरणाऱ्या त्याच होत्या.

गेंटला गाडी पोचली तेव्हा दुपार होती. फलाटावर शलाका. केस बारीक कापलेले आणि अर्धे पांढरे, नाकावर चष्मा, बाकी तीच. तिने काकींच्या पायांशी वाकायला सुरुवात केली आणि काकींनी तिला अर्ध्यातच धरलं. मग ती माझ्याकडे वळली. मिठी मारली. माझ्या पाठीवर पिशवी होती, तिचे हात पिशवीलाच लागले.

तिच्या घरामागून कालवा वाहतो. कालव्याच्या पाण्याकडे काकी बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, याला भरती-सुकती नाय? नाही म्हटल्यावर त्यांना त्या पाण्याची कीव आली. शलाकाचा नवरा टोमास उंच, लाजाळू, सायकलवरून येणारा. त्याला मराठीतले तीन शब्द येत होते, या, बसा आणि जेवा. त्याने ते एका दमात म्हणून टाकले आणि पुढचे चार दिवस काकींना तेवढेच शब्द आलटून पालटून ऐकवत राहिला. काकींना तो फार आवडला. एवढे तीन शब्द नीट आले तर माणसाला आणखी काय लागतं, म्हणाल्या.

शलाकाने रजा काढली होती. सकाळी टोमास कामावर जायचा, काकी आंघोळीला जायच्या, आणि त्यांची आंघोळ म्हणजे अर्धा तास. शलाका दोन कप कॉफी घेऊन स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी माझ्यासमोर बसायची. आम्ही खूप बोललो. तिची आई कशी गेली ते तिने सांगितलं. माझे विद्यार्थी, तिच्या बिया, केस रंगवावेत की नाही, परभणीत आता किती उन्हाळा असतो. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची आणि कप हातात फिरवत बसायची. मी त्या गप्पतेत काहीतरी घालून टाकायचे. हवामान, गाडीचं वेळापत्रक, काहीही. मनात म्हणायचे, आज नको, आज छान चाललं आहे. उद्या सांगू. मग बाथरूमचं दार वाजायचं आणि मला हायसं वाटायचं. अजून त्या अर्ध्या तासांची लाज वाटते, आणि तरी ते अर्धे तास मला आयुष्यात पुन्हा कुठल्याही मोलाने हवे आहेत.

तिसऱ्या दिवशी काकींनी चुलीचा ताबा घेतला. पिशवीच्या तळाशी, तीन पिशव्यांत बांधलेलं तांदळाचं पीठ आणि जवळा त्यांनी प्रागपासून डोक्यावर वाहिला होता. त्या सपाट काचेच्या शेगडीला त्यांनी थोडी नावं ठेवली, मग उकळत्या पाण्यात पीठ घातलं, मळलं, हातावर थापून भाकऱ्या केल्या. जवळ्याचा वास घरभर झाला. शलाकाने खिडकी उघडली नाही. तिला ताटावर बसवून काकी समोर उभ्या राहिल्या. स्वतः बसल्या नाहीत, मलाही बसू दिलं नाही.

“आदी ऐक, मंग जेव,” त्या म्हणाल्या. “तुना खोली खाली कराला सांगली, तवा पावने कोन येनार नवते. मी खोटं बोलली.”

“माहीत आहे, काकी.”

“तुमाला दोघांना गच्चीवर मीच बगलं. माज्या डोल्यांनी. मना कोनी सांगलं नाय.”

माझ्या हातात पाण्याचा जग होता. काकींनी कोणालाही गच्चीवर बघितलं नव्हतं. मी सांगेपर्यंत त्यांना संशयही नव्हता.

शलाकाने ताटावरची नजर वर केली. “कोणीच नाही?” ती म्हणाली. हे तिने काकींना विचारलं की मला, ते त्या क्षणी मला कळलं नाही, किंवा कळून घेतलं नाही.

“कोनीच नाय,” काकी म्हणाल्या. “माजं चुकलं. तू माज्या घरातना उपाशी गेली, त्याच्यानंतर मी कोनाला वाढला तरी मना ते दिसतं. आता जेव.”

शलाका जेवली. तीन भाकऱ्या खाल्ल्या, बोटं चाटून, आणि काकी तिच्याकडे पूर्वीसारख्या बघत राहिल्या. दोघींपैकी कोणी रडलं नाही. मीच जग ठेवून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन कप कॉफी झाली. मी तिला म्हटलं, काकींना आता किती हलकं वाटत असेल नाही. ती हो म्हणाली.

परतीच्या विमानात मी काकींना विचारलं की त्यांनी तसं का सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “तुना ती एकच मैत्रीन हाय.” मग त्यांनी जेवणाच्या ट्रेमधली लोण्याची वडी पिशवीत टाकली आणि झोपल्या.

त्यानंतरची तीन वर्षं मी एका गोष्टीवर काढली. काकींनी मला झाकलं आहे, शलाकाला माहीत नाही, आमचं बरं चाललं आहे. वाढदिवसाचे संदेश येत होते. ‘बरं चाललं आहे’ हे त्या खोलीतल्या तेव्हाच्या आम्हा दोघींना चाललं नसतं, पण माणूस कशावरही दिवस काढतो. तिची आठवण आली की मी तिला लिहायला घ्यायचे आणि पुसून टाकायचे. गेंटला जाण्याआधी ती मला नव्हती, एवढंच होतं. तिथून आल्यावर ती समोर बसलेली असून नव्हती, आणि हे जास्त कठीण.

यंदाच्या त्या रविवारी धुळ्याच्या मुलीने खिडकीजवळचा पलंग चिपळूणच्या मुलीला देऊन टाकला. दोघी हसत जिना चढून गेल्या. वर फर्निचर सरकवल्याचे आवाज येत होते. मी फॉर्म भरून संपवला. काकींनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

“तू शलाकाला सांगलं का?” त्यांनी विचारलं.

नाही म्हणाले.

“मी तिला दोनदा खोटं बोलली. एकदा तिला हाकलाला, एकदा तुज्यासाठी. मी गेली तर तिला खरं कोन सांगल?” त्या रागावलेल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. “तुना भ्या वाटतं ती तोडल म्हून. तोडू दे. तुटलं तर कलल तरी, जोडलेलं व्हतं का ते.”

मी घरी आले. कॉलेजचे पेपर तपासायचे होते ते बाजूला ठेवले आणि फोनवर लिहायला बसले. खूप लिहिलं, मग खोडलं. शेवटी चार ओळी राहिल्या. काकींनी तुला गच्चीवर बघितलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं होतं. तू हातची जाशील या भीतीने सांगितलं, आणि तू त्यामुळेच गेलीस. गेंटला सांगायचं ठरवून आले होते, धीर झाला नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, उन्हाळी जादा वर्गाच्या दोन तासिकांमध्ये. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, मुलं बाटल्यांची बुचं लावत होती.

“मला माहीत होतं,” शलाकाने लिहिलं होतं. “त्या खोलीत तिसरं कोणी राहतच नव्हतं, सुनीता. तुम्ही आलात तेव्हा चार दिवसांची रजा मी कशाला काढली होती? काकी आंघोळीला गेल्या की रोज तुझ्यासमोर येऊन बसत होते.”